सर, पाणी वर का चढलं?

कॉलेजातल्या कॉन्फरन्स आपल्याला माहीत असतात. पण शाळेत विज्ञान शिकवणारे शिक्षक एकत्र जमतात तेव्हा काय बोलतात? जालन्यातल्या अशाच एका परिषदेत दिवसभर बसून पाहिलेलं आणि ऐकलेलं. बी.एस्सी. करताना ‘पुढे काय?’ या प्रश्नाशी झटणाऱ्यांनी तर वाचायलाच हवं.

एक सोपा प्रश्न विचारते. परातीत पाणी घेतलं, मध्ये मेणबत्ती उभी करून पेटवली आणि तिच्यावर काचेची बरणी उपडी ठेवली. थोड्या वेळात मेणबत्ती विझते आणि परातीतलं पाणी बरणीत वर चढतं. का चढतं?

तुमचं उत्तर मला माहीत आहे. मेणबत्तीनं बरणीतला ऑक्सिजन वापरला, तेवढी जागा रिकामी झाली आणि ती पाण्यानं भरली. जरा हुशार असाल तर पुढे हेही सांगाल की हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, म्हणून पाणी बरणीच्या एक पंचमांश उंचीपर्यंत चढतं. आपण हेच पाठ केलं. गाइडात हेच सापडतं आणि यूट्यूबवर याचे ढिगानं व्हिडिओ आहेत.

हे उत्तर चुकीचं आहे असं कुणी म्हणालं तर? आणि असं म्हणणारा माणूस स्वतःच विज्ञानाचा शिक्षक असेल, समोर ऐकणारेही विज्ञानाचेच शिक्षक असतील, आणि त्यातले काही जण वीस-पंचवीस वर्षं हेच उत्तर शिकवत आले असतील तर?

फाइल, बॅग, जेवण, सर्टिफिकेट

‘कॉन्फरन्स’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गळ्यात आयकार्ड, हातात फाइल, स्टेजवर पुष्पगुच्छ, ‘वेळेअभावी मी थोडक्यात सांगतो’ म्हणत चाळीस मिनिटं बोलणारे पाहुणे, मधल्या सुट्टीत जेवणाच्या रांगेत दिसणारा खरा उत्साह आणि शेवटी सर्टिफिकेट. आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजात अशा कार्यक्रमांत व्हॉलंटियर म्हणून खुर्च्या लावल्या आहेत. त्यामुळे जालन्यात विज्ञान शिक्षकांची एक दिवसाची परिषद आहे, ती कव्हर कर, असं मला सांगितलं गेलं तेव्हा माझ्या वहीत मी आधीच तीन ओळींची बातमी लिहून टाकली होती. फक्त पाहुण्यांची नावं भरायची बाकी होती.

सकाळचं सत्र अगदी त्या तीन ओळींसारखंच झालं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक. परतूर, मंठा, घनसावंगी, भोकरदन, जाफराबाद अशा तालुक्यांतून आलेले सर आणि मॅडम मागच्या खुर्च्यांवर बसलेले. कुणी सकाळची पहिली एसटी पकडून आलेलं, कुणी मोटारसायकलवर डबल सीट. काहींच्या हातात पिशव्या होत्या. त्या पिशव्यांत काय आहे ते दुपारी कळलं. परात, बरण्या, चुंबक, तांब्याची तार, सेल, सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, फुगे, स्ट्रॉ.

दुपारनंतर स्टेज रिकामं झालं, हॉलमधली टेबलं मध्ये ओढली गेली आणि प्रत्येक टेबलाभोवती एकेक शिक्षक आपला प्रयोग मांडून उभा राहिला. इतर शिक्षक फिरत होते, थांबत होते, हात लावून पाहत होते. खरी परिषद इथून सुरू झाली.

एक मेणबत्ती, मग तीन

मेणबत्तीच्या टेबलाजवळ सगळ्यात जास्त गर्दी होती. प्रयोग मांडणारे सर पन्नाशीच्या आसपासचे. परातीत शाई टाकलेलं पाणी, मध्ये ओल्या मातीच्या गोळ्यात रोवलेली वाढदिवसाची छोटी मेणबत्ती, काठाखाली पाणी आत जायला जागा राहावी म्हणून दोन नाणी आणि वर लोणच्याची रिकामी बरणी. मेणबत्ती विझली, निळं पाणी दोन बोटं वर चढलं. बरणीवर स्केच पेननं खूण केली.

मग त्यांनी तीच बरणी पुसून घेतली आणि परातीत एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. बरणी ठेवण्याआधी सगळ्यांना विचारलं, आता पाणी किती चढेल?

तुम्हीही इथं क्षणभर थांबा आणि उत्तर द्या. बरणी तीच आहे. आतली हवा तेवढीच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. ऑक्सिजन संपल्यामुळे पाणी चढत असेल तर मेणबत्ती एक असो की तीन, पाणी त्याच खुणेवर थांबायला हवं. तीन मेणबत्त्या फार तर तो ऑक्सिजन लवकर संपवतील.

पाणी खुणेच्या पार वर गेलं. आधीच्या जवळजवळ दुप्पट.

क्षणभर कुणी काही बोललं नाही, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. एका मॅडमनी सांगितलं, पुन्हा करा आणि या वेळी बरणीच्या काठाकडे बघा. पुन्हा केलं. बरणी ठेवताच काठाखालून बुडबुडे बाहेर आले. म्हणजे ज्योतीमुळे तापलेली हवा प्रसरण पावून बाहेर पळत होती. आणखी एक गोष्ट दिसली. मेणबत्ती जळत असताना पाणी फारसं हललंच नाही. ज्योत विझली आणि त्यानंतर ते झपकन वर गेलं. ऑक्सिजन वापरला जाण्याशी त्याचा संबंध असता तर जळताना पाणी हळूहळू चढत राहायला हवं होतं. ते चढलं आतली उरलेली हवा थंड होऊन आकसल्यावर. आत दाब कमी झाला आणि बाहेरच्या हवेनं पाणी आत ढकललं. मेणबत्त्या जास्त, तर तापलेली हवा जास्त, बाहेर गेलेली हवा जास्त, म्हणून पाणीही जास्त.

ऑक्सिजन वापरला जातो हे खरंच आहे. पण तो नाहीसा होत नाही. मेण जळताना त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बनते. ती वाफ थंड होऊन पाणी होते, तेवढी जागा थोडी कमी होते, त्यामुळे पाणी चढण्यात तिचाही थोडा वाटा असतो. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा बरणीतला सगळा ऑक्सिजन संपलेला नसतो, बराचसा शिल्लक असतो. ‘एक पंचमांश’ हा हिशेब जुळला तर तो योगायोग.

सगळ्यांना हे पटलं असं समजू नका. एका सरांनी हरकत घेतली की तीन मेणबत्त्यांचा प्रयोग एवढा स्वच्छ नाही, कारण बरणी ठेवण्याआधीच आतली हवा किती तापली ते आपल्याला माहीत नाही. हरकत रास्त होती. त्यावर मघाच्याच मॅडम चहाच्या टेबलाकडे गेल्या, गरम पाणी आणलं, बरणी त्या पाण्यानं विसळली आणि तशीच गरम गरम परातीत उपडी ठेवली. मेणबत्ती नाही, ज्योत नाही, काहीच जळत नाही. बरणी थंड व्हायला लागली तसं निळं पाणी आपोआप वर सरकलं.

कॉलेजात आपण ‘कंट्रोल एक्सपेरिमेंट’ची व्याख्या लिहून दोन मार्क मिळवतो. चहाच्या थर्मासनं केलेला कंट्रोल मी पहिल्यांदा पाहिला.

मग परीक्षेत काय लिहायचं?

हा प्रश्न एका ज्येष्ठ सरांनी विचारला आणि हॉलमधलं वातावरण बदललं. इथवर सगळ्यांना मजा येत होती. आता प्रत्येकाला आपला वर्ग आठवला.

कारण उद्या सकाळी शाळेत जायचं आहे. पोरांच्या घरी गाइड आहे, गाइडात जुनं उत्तर आहे, क्लासवाले सर तेच सांगतात. पेपर तपासणारा कोण असेल ते माहीत नाही. नवं उत्तर लिहिलं आणि मार्क कापला तर आई-बाप शाळेत येऊन विचारणार. एका बाजूला खरं विज्ञान, दुसऱ्या बाजूला पोराचा एक मार्क. तुम्ही असता तर काय केलं असतं?

कुणी म्हणालं, पुस्तकात असेल तेच लिहायला सांगायचं, वाद नको. कुणी म्हणालं, मग आपण इथं कशाला जमलो? गरम बरणीवाल्या मॅडमचं म्हणणं मला सगळ्यात नेमकं वाटलं. त्या म्हणाल्या, प्रश्न काय विचारलाय ते पोरांना वाचायला शिकवा. ज्वलनाला ऑक्सिजन लागतो का, असा प्रश्न असेल तर हा प्रयोग चांगलाच आहे, बंद बरणीत मेणबत्ती विझते हे डोळ्यांनी दिसतं. पण पाणी का चढलं आणि किती चढलं, यावरून हवेतला ऑक्सिजन मोजायला निघालो तर फसतो. प्रयोग ठेवा, त्यातून काढलेला चुकीचा निष्कर्ष सोडा.

मतदान झालं नाही, ठराव झाला नाही. पण ज्येष्ठ सरांनी ती दोन नाणी आणि तीन मेणबत्त्यांची आकृती आपल्या डायरीत काढून घेतली. आणखी सात-आठ जणांनी मोबाइलवर व्हिडिओ केला. म्हणजे जिल्ह्यातल्या काही वर्गांत तरी हा प्रश्न आता नव्यानं विचारला जाईल.

मे महिन्यात सुट्टी, जुलैत ढग

बाकीच्या टेबलांवरही असेच प्रश्न होते. त्यातले तीन सांगते.

पहिला सावलीचा. वर्षातून दोन दिवस भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली गायब होते. याला आपण ‘शून्य सावली दिवस’ म्हणतो. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या भागातच हे दिसतं. जालना साधारण १९.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे आपल्याकडे हे दिवस येतात मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात. आता अडचण बघा. मे महिन्यात आकाश लख्ख असतं, पण शाळेला सुट्टी. जुलैत शाळा भरलेली असते, पण आकाशात ढग. एवढा सोपा, बिनखर्चाचा प्रयोग आणि विद्यार्थ्यांना दाखवायची पंचाईत! त्यावर टेबलावर निघालेला तोडगा असा: मे महिन्यात मुलांनी आपापल्या घरी अंगणात काठी उभी करून दर दहा मिनिटांनी सावलीचं टोक खुणावायचं, फोटो काढायचा आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा. घरी स्मार्टफोन नसेल तर कागदावर खुणा.

दुसरा मोटरचा. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि सगळं धरून ठेवायला सायकलच्या ट्यूबची पट्टी. झाली मोटर. अरविंद गुप्ता यांनी कचऱ्यातून आणि घरगुती वस्तूंतून खेळणी करण्याचं जे प्रचंड काम केलं, त्यात ही मोटर खूप लोकप्रिय झाली. पुण्याच्या ‘आयुका’तल्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टेबलावरची मोटर मात्र फिरत नव्हती, नुसती थरथरत होती. शेजारच्या सरांनी तार हातात घेतली आणि दोष लगेच सापडला. टोकावरचं इनॅमल सगळ्या बाजूंनी खरवडलं होतं. एक बाजू तशीच सोडायची असते. नाहीतर वेटोळं अर्ध्या फेऱ्यात एका दिशेनं ढकललं जातं, उरलेल्या अर्ध्यात उलट्या दिशेनं, आणि ते जागच्या जागी झुलत राहतं. अर्धा फेरा करंट, अर्धा फेरा सुट्टी, तेव्हा मोटर फिरते. ही गोष्ट व्हिडिओत सांगितलेली असते, पण बोटांना ती कळायला शेजारी कुणीतरी बसावं लागतं.

तिसरा भाषेचा. मोंढ्यात मोसंबीचं वजन किलोत आणि क्विंटलमध्ये होतं. दहावीच्या पुस्तकात वजन न्यूटनमध्ये असतं आणि किलोग्रॅममध्ये असतं ते वस्तुमान. आता ज्या पोराचा बाप मोसंबी मोजून देतो त्याला ‘तुझा बाप जे मोजतो ते वजन नाही’ हे कसं सांगायचं? त्यात शाळा सेमी इंग्रजी असेल तर शब्द बदलून ‘मास’ आणि ‘वेट’ होतात आणि गोंधळ दोन भाषांत होतो. एका मॅडमनी सांगितलेली युक्ती साधी होती. आधी चंद्राची गोष्ट सांगायची, तिथं मोसंबी तेवढीच राहते, फक्त हाताला हलकी लागते. काय बदललं आणि काय बदललं नाही हे मुलांना त्यांच्या शब्दांत सांगू द्यायचं. दोन्ही पारिभाषिक शब्द त्यानंतर द्यायचे.

शिक्षकाला कोण शिकवणार?

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं गूगलवर मिळतं, मग जमायचं कशाला?

जमायचं कारण गावातल्या शाळेचं चित्र. कॉलेजात एका विषयाला तीन-चार प्राध्यापक असतात, लॅब असते, लॅब असिस्टंट असतो. खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवणारी व्यक्ती बहुतेक वेळा एकच असते. तिनंच गणितही घ्यायचं, पोषण आहाराची नोंदही ठेवायची, ऑनलाइन माहितीही भरायची, निवडणूक आली की त्या कामालाही जायचं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र तिन्हीही तिच्याकडेच. तिची बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रात झाली असेल तर विद्युतधारेच्या धड्यात अडल्यावर विचारायचं कुणाला? स्टाफरूममध्ये दुसरा विज्ञानवाला नाही. आणि ‘मला हे नीट येत नाही’ असं विद्यार्थ्यांसमोर किंवा साहेबांसमोर म्हणणं सोपं नसतं. ते म्हणता येतं फक्त आपल्यासारख्याच दुसऱ्या शिक्षकासमोर.

ही गरज जगभरात ओळखली गेली आहे. अमेरिकेत विज्ञान शिक्षकांची राष्ट्रीय संघटना १९४४ पासून आहे, ब्रिटनमधली १९६३ पासून. आपल्याकडे भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची ‘आयएपीटी’ ही संघटना १९८४ मध्ये डॉ. डी. पी. खंडेलवाल यांच्या पुढाकारानं उभी राहिली. तुमच्यापैकी ज्यांनी फिजिक्स ऑलिम्पियाडची पहिली फेरी दिली असेल त्यांना हे नाव आठवेल, ती परीक्षा हीच संघटना घेते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं २००४ पासून विज्ञान शिक्षणातल्या संशोधनावर ‘एपिस्टेम’ ही आंतरराष्ट्रीय परिषद सुरू केली.

पण शाळेतल्या शिक्षकाच्या सगळ्यात जवळची गोष्ट शेजारच्या मध्य प्रदेशात घडली. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. ‘किशोर भारती’ आणि ‘फ्रेंड्स रुरल सेंटर’ या दोन संस्थांनी तो सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पोचला आणि पुढे ‘एकलव्य’ संस्थेनं सांभाळला. विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले शास्त्रज्ञ सुट्टीत येऊन गावातल्या शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करायचे. त्या शिक्षकांच्या दर महिन्याला गोष्ठी व्हायच्या. या महिन्यात कुठला प्रयोग फसला, मुलांनी काय विचारलं, पुढच्या महिन्यात काय करायचं, एवढाच अजेंडा. मुलांच्या अडलेल्या प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र होतं, मुलं त्याला पत्रं लिहायची. परीक्षा पुस्तक उघडं ठेवून व्हायची, कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं. २००२ मध्ये सरकारी निर्णयानं हा कार्यक्रम बंद झाला. तरी तीस वर्षं तो चालला, आणि तो चालण्यात त्या मासिक बैठकांचा मोठा हात होता.

महाराष्ट्रातही हे बीज पडलं होतं. होमी भाभा केंद्राची स्थापना १९७४ ची. त्याच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक काम जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत झालं. केंद्राचे संस्थापक संचालक डॉ. वि. गो. कुलकर्णी यांनी पुढे भाषेच्या प्रश्नाकडे खास लक्ष वेधलं. मुलांना विज्ञान जड जातं तेव्हा अनेकदा जड असते ती पुस्तकी भाषा. मोसंबीच्या वजनाचा प्रश्न जालन्यातल्या मॅडमना आज पडतो, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

आपल्या जिल्ह्यात काय आहे?

आपल्याकडे जिल्हा परिषद शाळांचे गट करून ‘केंद्रं’ केलेली आहेत आणि केंद्राच्या पातळीवर शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. म्हणजे जमायची चौकट हाताशी आहे. शिक्षकांशी बोलल्यावर लक्षात येतं की प्रश्न तिच्या वापराचा आहे. माहिती मागवणं, नवे आदेश वाचून दाखवणं, कुठली लिंक कधीपर्यंत भरायची ते सांगणं यातच वेळ गेला तर परात आणि बरणी पिशवीतच राहते. ज्या केंद्रात एखादा उत्साही केंद्रप्रमुख किंवा शिक्षक ‘आज फक्त एक प्रयोग’ असा हट्ट धरतो, तिथं चित्र वेगळं असतं.

आणखी एक अडचण साधीच आहे. दोन शिक्षकी शाळेतला एक शिक्षक परिषदेला गेला की दुसऱ्याला सगळे वर्ग सांभाळावे लागतात. दुपारी चारला चर्चा ऐन रंगात आलेली असताना घनसावंगीच्या दोन मॅडम उठल्या, कारण पुढची एसटी चुकली तर घरी पोचायला रात्र झाली असती. परिषद सकाळी पुष्पगुच्छात तासभर घालवते तेव्हा तो तास कुणाच्या वाट्याचा जातो, हे तेव्हा कळलं.

खरं तर जालन्याला ही पद्धत नवी नाही. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातली शेतकऱ्यांची मासिक चर्चासत्रं जिल्ह्याला ठाऊक आहेत. शेतकरी येतो, आपल्या पिकाची अडचण सांगतो, शास्त्रज्ञ आणि दुसरे शेतकरी बोलतात. शिक्षकांना हवं आहे तेही असंच काही. आणि विज्ञानासाठी आपला जिल्हा कोरडा अजिबात नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये ‘महिको’ ही बियाणं कंपनी जालन्यातच सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आयसीटीचा, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेचा, मराठवाड्यातला कॅम्पस जालन्यात आहे. मंठ्याच्या पुढे थोडं गेलं की लोणार, बेसाल्ट खडकात अशनीच्या आघातानं तयार झालेलं विवर. शिक्षकांच्या एका दिवसाच्या परिषदेला यातली कुठलीही जागा चालेल.

यात तुमचं काय?

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या ओळखीच्या मुला-मुलींचे प्लॅन मला पाठ आहेत. एमपीएससी, बँक, फार्मा कंपनी, एम.एस्सी. आणि ‘काहीच नाही जमलं तर बी.एड.’ हे शेवटचं वाक्य फार सहज म्हटलं जातं. तो दिवस पाहिल्यावर मला ते खटकायला लागलं. चहाच्या गरम पाण्यानं अख्ख्या हॉलचा वाद निकालात काढणाऱ्या मॅडम ‘काहीच नाही जमलं’ म्हणून तिथं आलेल्या नव्हत्या.

हा रस्ता सोपा आहे असं मी म्हणणार नाही. टीईटी, टेट, पवित्र पोर्टल आणि भरतीची वाट बघण्यात जाणारी वर्षं हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. नियमही बदलतायत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत शिक्षक होण्यासाठी चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता करायची आहे. त्याच धोरणात प्रत्येक शिक्षकानं दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असंही म्हटलंय. हे ५० तास ऑनलाइन व्हिडिओ पुढे ढकलत काढायचे की परातीभोवती उभं राहून, ते उद्या तुमच्या पिढीचे शिक्षक ठरवतील.

म्हणून शिक्षक व्हायचं की नाही हे ठरवण्याआधी अशा एखाद्या परिषदेत एक दिवस जाऊन बसा. करिअर गायडन्सच्या दहा सेमिनारांत कळणार नाही ते तिथं कळेल. हे काम करणारी माणसं कशी बोलतात, कशावर चिडतात, कशावर खूश होतात आणि त्यांच्यात बसलेलं तुम्हाला आवडतं का, ते कळेल. शिक्षक व्हायचं नसेल तरी जा. आज ना उद्या कुठलं तरी पोर तुम्हाला विचारणारच आहे.

जायचं ठरवलंत तर…

- माहिती कुठे मिळेल? आपल्या जुन्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना किंवा मॅडमना फोन करा. केंद्राची, तालुक्याची, जिल्ह्याची परिषद कधी आहे हे त्यांच्या ग्रुपवर आधी येतं. बी.एड. कॉलेजातही चौकशी करा.
- परवानगी घ्या. आयोजकांना आधी सांगितलं की विद्यार्थ्यांना सहसा मागं बसू देतात. टेबलं लावायला मदत करतो म्हणालात तर दार लवकर उघडतं.
- विज्ञान प्रदर्शन चुकवू नका. तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या विज्ञान प्रदर्शनात विद्यार्थ्यांच्या मॉडेलांबरोबर शिक्षकांनी बनवलेलं शैक्षणिक साहित्यही मांडलेलं असतं. लोक तिथं कमी थांबतात. तुम्ही थांबा.
- एक प्रश्न घेऊन जा. शाळेपासून मनात राहिलेला, कधीच न पटलेला. तो तिथं विचारा.
- रिकाम्या हातानं जाऊ नका. एक छोटा प्रयोग घरी करून बघा आणि सामान पिशवीत टाका. दुपारी टेबलं मध्ये ओढली गेली की तुमच्यासाठीही एका कोपऱ्यात जागा निघेल.
- एसटीची वेळ बघून ठेवा. शक्यतो शेवटच्या गाडीचं बघा. चारनंतरचा तास चुकवण्यासारखा नसतो.